चौथ्याला वाढलेलं पान

१

अमावास्येचं काम सरळ असतं. सकाळी वडवार नदीवर जायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, ओंजळीत तीळ घ्यायचे आणि अंगठ्याच्या बाजूने पाणी सोडत तीन नावं घ्यायची. बाप, आजा, पणजा. मग धोतर पिळायचं, घरी यायचं आणि जेवायचं. बाप गेल्यापासून मी हे करत आलो. कधी चुकलो नाही आणि कधी त्यावर विचारही केला नाही.

नावं तीनच. चौथं नाही. घरात कुणी मेला की त्याचं नाव खाली लागतं आणि वरचं एक गळतं. मी मेलो की अमरसिंह माझं नाव घेईल आणि माझा पणजा गळेल. यात रडण्यासारखं काही नाही. जन्म राजवाड्याच्या पागेत गेला माझा. जेवढी ठाणी तेवढेच घोडे बांधायचे, एवढं मला कळतं.

पुढे राजे वारले. गादीला मुलगा नाही म्हणून कंपनीने तंजावर खालसा केलं आणि पागेतले घोडे लिलावात गेले. मग कंपनीही गेली आणि राणीचं राज्य आलं. आम्हा डुबलांकडे उरली ती ओरत्तनाडच्या छत्रापलीकडची, म्हणजे धर्मशाळेपलीकडची, भातजमीन. आमचा मूळ पुरुष रघोजी लष्कराबरोबर महाराष्ट्रातून इकडे उतरला, त्याला ती इनाम मिळाली होती. ताम्रपट घरात होता. मला वाटायचं, तेवढं पुरे.

सरकारला ते पुरेसं नव्हतं. कचेरीतून हुकूम आला की इनाम ज्याला मिळालं त्याच्यापासून आज खाणाऱ्यापर्यंत बापामागे मुलगा अशी वंशावळ दाखवा. मध्ये तुटली तर जमीन सरकारजमा.

अमरसिंह, माझा एकुलता एक मुलगा, मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकून नकला उतरवण्याच्या कामाला लागला होता. तो कागद पुढे ओढून बसला.

"सोपं आहे, बाबा. नावं सांगा."

मी तीन सांगितली.

"पुढे?"

"पुढे काय? तीनच असतात."

मी जमीन विकून खाल्ल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

२

वरची दोन नावं ताम्रपटात मिळाली. रघोजी आणि त्याचा मुलगा. खालची तीन माझ्या तोंडात होती. मध्ये एक माणूस नव्हता. माझ्या पणज्याचा बाप.

अमरसिंहाने त्याला शोधायला काही बाकी ठेवलं नाही. राजवाड्यातले मोडी कागदांचे रुमाल सोडले, ते वाळवीने असे खाल्ले होते की हातात घेताच भुगा व्हायचा. पलटणीच्या जुन्या हजेऱ्या पाहिल्या. तिरुवैयारूला आमच्या भाऊबंदांतला एक म्हातारा होता, त्याच्याकडे दोनदा गेला. त्याने दोन्ही वेळा जेवू घातलं आणि दोन्ही वेळा स्वतःच्याच सासऱ्याची वंशावळ सांगितली.

सून कमलाक्षीचं पोट दिसू लागलं होतं. पहिलटकरीण. अमरसिंह तिच्याकडे बघायचा आणि पुन्हा कागदात डोकं घालायचा. एक दिवस तिण्णैवर, म्हणजे आमच्या पुढच्या ओट्यावर, माझ्या शेजारी येऊन बसला.

"परसोजी," तो म्हणाला.

"कोण परसोजी?"

"तुमच्या पणज्याचा बाप."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण तो होता ना? बापावाचून तुमचा पणजा झाला का? होता म्हणजे नावही असणार. मग परसोजी असायला काय हरकत आहे?"

शिकलेल्यांचं हेच वाईट. त्यांचं खोटं चार पायांवर उभं राहतं.

कचेरीला घरच्या पुरोहिताची साक्ष हवी होती. आमचे सांबशिवभट शपथेला भिणारा माणूस.

"न ऐकलेलं नाव ऐकलं म्हणून सांगू? जीभ झडेल माझी," ते म्हणाले. मग सुपारी कातरू लागले. "असं करा. परवा तुमच्या वडलांचं श्राद्ध आहे. त्यात ते नाव घ्या. मी ऐकतो. मग ऐकलं म्हणून सांगायला माझं काही जात नाही."

"चौथ्याला नाव कुठे असतं?" मी म्हटलं.

"नाव नसतं, पिंडही नसतो. तीन पिंड दिल्यावर हाताला शितं चिकटतात ना, ती दर्भाला पुसायची. ते पुसणं वरच्यांचं. तेवढ्यावर त्यांचं भागतं."

अमरसिंह म्हणाला, "आपलं नाही भागायचं. शेजारच्यांनीही बघायला हवं. त्याला सरळ पान वाढा."

भट हसले. "वाढा बापडे. जो नाहीच, तो किती जेवेल?"

आम्हीही हसलो. बाप जिवंत असताना मुलाला पिंड देता येत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नाही तर त्याने मला विचारलंही नसतं.

३

श्राद्ध भर दुपारी असतं. मधल्या कूडमात, म्हणजे मोठ्या दालनात, केळीची पानं मांडली. तिघांच्या जागी तीन ब्राह्मण बसले. चौथ्या पानावर कुणी बसेना, म्हणून पाटावर दर्भाची गाठ ठेवली. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या.

मी बापाला बोलावलं, आज्याला बोलावलं, पणज्याला बोलावलं. मग भटांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, परसोजी, या, बसा.

काही झालं नाही. काय होणार होतं? कमलाक्षीने चौथ्या पानावर भात वाढला, तूप वाढलं, वडे वाढले. वाफ निघत होती. ब्राह्मण जेवून, दक्षिणा घेऊन गेले. मग आम्ही सगळे मागच्या परसात कावळ्यांना पिंड ठेवायला गेलो. कावळे लगेच आले. सगळं कसं वेळेवर झालं म्हणून भट खूश होते.

परत आलो तर चौथं पान मिटलेलं होतं.

आमच्या मुलखात पान मिटण्याची रीत पोरासोरांनाही ठाऊक आहे. लग्नामुंजीत जेवलं की पान आपल्या बाजूला मिटायचं, म्हणजे असं जेवण पुन्हा होवो, मी पुन्हा येईन. श्राद्धाचं जेवण झालं की पान पलीकडे मिटायचं. असा प्रसंग पुन्हा नको. ब्राह्मणांची तिन्ही पानं पलीकडे मिटलेली होती. चौथं पाटाच्या बाजूला मिटलेलं होतं. नीट, हाताने दाबून.

अमरसिंहाने ते उघडलं. आत एक शीत नव्हतं. धुतल्यासारखं स्वच्छ.

"मांजर," तो म्हणाला.

"मांजर पान मिटतं का रे?"

"मग कमलाने मिटलं असेल."

कमलाक्षी आमच्याबरोबर परसात होती. तिने माझ्याकडे पाहिलं. भटांनी पंचा खांद्यावर टाकला आणि पाणीही न पिता निघून गेले. शपथेवर साक्ष मात्र त्यांनी दिली.

४

दुसरी साक्ष समोरच्या नागलक्ष्मीपाट्टीची घ्यायची होती. पाट्टी म्हणजे आजी. रस्त्यात सगळ्यांत म्हातारी तीच. तमिळ बाई, पण जन्मभर आमच्यासमोर राहून मराठी अशी बोलायची की शिव्या दोन्ही भाषांतल्या यायच्या. डोळे गेले होते. दिवसभर तिण्णैवर बसून खलात विडा कुटायची.

अमरसिंहाने तिला पढवून ठेवायचं ठरवलं होतं. तोंड उघडायच्या आधीच तीच म्हणाली, "अडे व्यंकोजी, परसोजीचं नाव काढलंत म्हणे श्राद्धात? किती वर्षांनी!"

"तुला माहीत आहे तो?" मी विचारलं.

"मी नाही पाहिला. माझी सासू सांगायची. एक खांदा खाली पडलेला. घरात चालायचा तो भिंतीला हात लावून. जेवला की खोकायचा. तुझ्या पणज्याचा बाप ना तो?"

"पाट्टी, ते नाव तर आम्ही..."

अमरसिंहाने माझं मनगट दाबलं. त्याचा चेहरा उजळला होता. घरी येऊन मला म्हणाला, "बघा! उगाच अंदाज केला आणि खराच निघाला."

मी स्वतःला समजावलं. म्हातारी आहे, हो ला हो करते. रावणाचं विचारलं असतं तर तोही आमच्या आडावर पाणी भरायला यायचा म्हणाली असती.

दुपारी मी कूडमात आडवा झालो होतो. कमलाक्षी परसात भांडी घासत होती, भांड्यांचा आवाज येत होता. अमरसिंह कचेरीत. मधल्या बोळातून कुणीतरी चाललं. पावलं वाजली नाहीत. तळवा चुन्याच्या भिंतीवरून घासत न्यावा तसा आवाज आला, बोळाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत. मग एक खोकला. जेवलेल्या माणसाचा, तृप्त.

मी उठून बघितलं. बोळ रिकामा. भिंतीवर मात्र खांद्याच्या जरा खाली भाताची शितं चिकटलेली होती. एका ओळीत. अजून ओली.

मी ती धोतराने पुसून काढली आणि कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? म्हातारा झालो, भिंतीला भात दिसतो, असं?

५

पुढची अमावास्या आली. नदीत उभा राहिलो. बापाला पाणी दिलं, आज्याला दिलं. पणज्यासाठी ओंजळ भरली आणि तोंडातून आलं, परसोजी.

मी थांबलो. पाणी बोटांमधून गळून गेलं. पुन्हा ओंजळ भरली. पणज्याचं नाव आठवेना. जिभेच्या टोकावर अडकलेलं नाव वेगळं, ते कुठेतरी असतं. इथे काहीच नव्हतं. शेजारी एक जण तर्पण करत होता, तो म्हणाला, "काय मामा, पाय रुतला की काय?"

घरी आलो तो ओल्या धोतरानेच अमरसिंहासमोर उभा राहिलो.

"माझ्या पणज्याचं नाव काय?"

"परसोजी," तो मान वर न करता म्हणाला.

"परसोजी पणज्याचा बाप! तू बनवलेला!"

"मी बनवला?" तो हसला. "मी बनवला तर तुम्ही श्राद्धात कसं नाव घेता, बाबा? ऊन लागलंय तुम्हाला. कमला, ताक दे गं ह्यांना."

त्याने वंशावळ काढून दाखवली. मला अक्षरं जेमतेम लागतात, पण नावं मोजता येतात. रघोजी, त्याचा मुलगा, मग परसोजी, मग माझा आजा. कुठेच जागा रिकामी नव्हती. खाडाखोड नव्हती. मधला एक माणूस नाहीसा झाला होता आणि जखम भरून यावी तशी ती जागा भरून आली होती.

रस्त्यापलीकडून पाट्टीने हाक मारली. "व्यंकोजी! तुझा पणजा आज लवकर जेवला वाटतं. खोकला ऐकला मी."

मी आत आलो. दाराला कडी लावली. आणि मग वाटलं, कडी लावून मी कुणाला बाहेर ठेवलं?

६

पुढच्या अमावास्येला आजा गेला.

त्याचं नाव इथे छत्राच्या ओट्यावर बसून सांगावं म्हटलं तरी येत नाही. तो मात्र आठवतो. मी लहान असताना तो मला खांद्यावर बसवून थोरल्या देवळाचा रथ दाखवायला न्यायचा. त्याचा खांदा रुंद आणि सरळ होता, हे मला पक्कं माहीत आहे. आता तेच आठवायला लागलो की मी त्या खांद्यावरून एका बाजूला घसरत असतो. हाताला पकडायला काही मिळत नाही. खालून खोकला येतो.

घोड्याला पाठीवरचं ओझं दिसत नाही, पण ते कुठे सरकतंय हे कळतं. मला कळलं. आधी पणज्याचा बाप. मग पणजा. मग आजा. दर अमावास्येला एकेक पायरी तो खाली येत होता. पुढे माझा बाप. मग मी. मग अमरसिंह. आणि अमरसिंहाच्या खाली कमलाक्षीच्या पोटात जे वाढत होतं, ते.

मी सांबशिवभटांकडे गेलो. ते दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत.

"ते नाव काढून टाका," मी म्हटलं. "काही होम, शांत, काय असेल ते करा. मी करतो खर्च."

"जो जन्मून मेला, त्याला जायला वाट असते, व्यंकोजी. आला तसा जातो. हा कुठे जन्मला? ह्याला परत कुठे पाठवू?"

"पान वाढा म्हणालात तुम्ही!"

"म्हणालो." त्यांनी दाराचा आडणा हातात धरला होता. "आता तुमच्या घरी माझ्याकडून यायचं होणार नाही. राग मानू नका."

मग मी मुलाला धरलं. तो जेवत होता.

"ती वंशावळ मागे घे. खोटी आहे म्हणून सांग."

"जमीन जाईल."

"जाऊ दे."

"आणि नातवाला काय घालू? पागेतली चंदी?"

"तो परसोजी राहिला तर नातू कुणाचा, ते तरी कळेल का तुला?"

अमरसिंहाने हातातला घास खाली ठेवला. "बाबा, तिच्यासमोर असलं बोलू नका. तिचे दिवस जवळ आलेत." मग आवाज चढवून म्हणाला, "जन्मभर घोड्यांची लीद काढलीत, एक कागद कधी सांभाळला नाही. आता मी सांभाळतोय तर भुतं दाखवता?"

कमलाक्षी दाराआड उभी होती. तिचा हात पोटावर होता. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती. माझीच असावी, असं तेव्हा वाटलं.

७

त्यानंतरच्या अमावास्येला मी नदीवर गेलोच नाही. नावंच घ्यायची नाहीत, म्हणजे चुकायचीही नाहीत. तिण्णैवर बसून दात आवळून धरले.

दुपार झाली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आमच्या घराच्या मधोमध उघडं अंगण आहे, तिथून पाण्याचा आवाज आला. कुणीतरी ओंजळीतून पाणी सोडत होतं. थोडं, मग थांबून पुन्हा थोडं. मग हळू आवाजात नाव. माझ्या कानांना तर्पणाची ती चाल पाठ आहे, शब्द कळले नाहीत तरी चाल कळते.

मी बोळातून पुढे सरकलो. तेव्हा नाव कळलं. व्यंकोजी, म्हणत होता तो. पाणी. व्यंकोजी. पाणी. व्यंकोजी.

तर्पण जिवंत माणूस करतो. मेलेल्याचं करतो.

मी धावलो असं म्हणणार नाही, माझं वय धावायचं नाही. अंगणात पोचलो तेव्हा कुणी नव्हतं. फरशी उन्हाने तापली होती आणि मधोमध तीळ सांडलेले होते, ओले. मी बापाचं नाव आठवायचा प्रयत्न केला. बापाचे हात आठवले, लगाम धरलेले, नखांत माती. नाव आलं नाही.

नावं घेतली नाहीत म्हणून तो थांबेल असं वाटलं होतं मला. तो दोन पायऱ्या उतरला.

कमलाक्षी स्वयंपाकघरातून भाताचं भांडं घेऊन आली. मला पाहून दचकली.

"अगंबाई! तुम्ही आत कसे आलात?"

"कमळे, मी आहे."

"आजोबा, आत नका येऊ. मामंजी जेवायला बसलेत." ती चांगलीच बोलली, परक्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं. "तिण्णैवर बसा. तुम्हालाही वाढते हं."

कूडमाचं दार अर्धं लोटलेलं होतं. फटीतून मला एक पाठ दिसली. धोतर माझं होतं. पाठ माझी नव्हती. एक खांदा खाली पडलेला, आणि तो माणूस खाली वाकून जेवत होता, भराभर, बराच काळ जेवला नसल्यासारखा. मी तोंड बघायला पुढे झालो नाही. कुणी म्हणेल भित्रा आहे. असेन.

मी तिण्णैवर जाऊन बसलो. तिने पान आणून वाढलं. भूक लागली होती, खाल्लं.

संध्याकाळी अमरसिंह कचेरीतून आला. पायरी चढताना माझ्याकडे बघून थबकला. मला वाटलं, आता ओळखतो.

"जेवलात का, आजोबा?" त्याने विचारलं.

"जेवलो," मी म्हटलं.

"बरं." आणि तो आत गेला. आतून त्याचा आवाज आला, "बाबा, औषध घेतलंत का?" त्याला कुणीतरी खोकून उत्तर दिलं.

८

मी तिथेच राहिलो. माझ्याच घराच्या ओट्यावर, वाढतील ते खाऊन. कुठे जाणार? आणि कमलाक्षीला सोडून कसा जाणार? ती दिवसेंदिवस जड होत होती. सुईणीला सांगून ठेवलं होतं. कमलाक्षी पाणी द्यायला आली की मी म्हणायचो, "पोरी, माहेरी जा." ती हसायची. "मामंजी नको म्हणतात, आजोबा."

पुढच्या अमावास्येला सकाळीच मी उठलो आणि कचेरी गाठली. जमीन गेली तरी चालेल, पण ते नाव कागदावरून काढायचं. कारकून सूर्यनारायण अय्यर. अमरसिंहाबरोबर कितीदा घरी येऊन जेवून गेलेला.

"उक्कारुंगो तात्ता, बसा आजोबा," तो म्हणाला. "कुणाचं काम?"

"डुबलांची वंशावळ. ती खोटी आहे. परसोजी नावाचा कुणी नव्हता."

त्याने गठ्ठा काढला. "रघोजी, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा परसोजी, त्याचा मुलगा अमरसिंह. मंजूर झालंय. सनद आज सकाळीच नेली अमरसिंहाने. तुम्ही कोण?"

"व्यंकोजी. अमरसिंहाचा बाप."

त्याने पुन्हा कागदावरून बोट फिरवलं. वाईट वाटल्यासारखं करून म्हणाला, "व्यंकोजी यात कुठे नाही, तात्ता."

"चार पिढ्यांत दोनशे वर्षं होतात का रे? मोज की!"

"ते साहेब बघतात."

"परसोजी नाहीच म्हणतोय मी!"

"मग काल इथे बसून निशाणी कुणी केली?" त्याने कागद माझ्यापुढे सरकवला. खाली शाईचा एक वेडावाकडा फराटा होता. फराट्याच्या टोकाला एक शीत वाळून चिकटलं होतं.

मी बाहेर पडलो. ऊन डोक्यावर आलं होतं. मेलवीथी रस्त्याच्या वळणावर मागून कुणी भराभर आलं. अमरसिंह. काखेत सनद, चेहरा आनंदाने फुललेला, हातात फुलांची पुडी.

"सावलीतून चला, आजोबा," तो म्हणाला आणि माझ्या चालीने चालू लागला. "आमच्या ओट्यावर बसता ना तुम्ही? आज गोड खायला या. जमीन राहिली आमची."

"ती कुणाची राहिली?" मी विचारलं.

"आमची," तो म्हणाला.

दाराशी आलो. त्याने कडी वाजवली. कमलाक्षीने दार अर्धं उघडलं. पोट दोन्ही हातांनी धरलेलं, कपाळावर घाम.

"कोण पाहिजे?"

अमरसिंह हसला. "तुझा नवरा पाहिजे."

"ते आत आहेत," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

"कमला, थट्टा पुरे. बाजूला हो."

"अहो, असं परक्याच्या घरात काय शिरता! पाट्टी! बघा हो हे कोण!"

समोरच्या तिण्णैवर खल वाजायचा थांबला. पाट्टी म्हणाली, "कोण आहे रे तिथे? परसोजीच्या बायकोला त्रास नका देऊ."

अमरसिंह कमलाक्षीला ढकलून आत गेला. मीही त्याच्यामागे उंबऱ्यापर्यंत गेलो. बोळ रिकामा. कूडम रिकामं. पाट नाही, पान नाही, कुणीच नाही. मागे कमलाक्षी ओरडत होती, पण कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्या घरात आतून ना खोकला आला, ना भिंतीवर हात घासल्याचा आवाज. जो आत होता, तो तिथून निघून गेला होता.

अमरसिंह वळला. हातातली फुलं बोळात सांडली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला मी दिसलो.

"बाबा," तो म्हणाला. लहानपणी घोड्यावरून पडला होता तेव्हा असाच म्हणाला होता.

मी हात पुढे केला. तेवढ्यात कमलाक्षी ओरडायची थांबली. मध्येच, कुणी हाक मारावी तशी. तिने मान खाली घातली. मग डोक्यावरून पदर घेतला आणि कपाळापर्यंत ओढला, घरातला वडीलधारा समोर आला की सून ओढते तसा. आम्ही दोघे तिच्यासमोर उभे होतो, पण तो पदर आमच्यासाठी नव्हता. ती स्वतःच्या पोटाकडे बघत होती.

"हो जी," ती हळूच म्हणाली. थोडं ऐकून घेतलं. मग आमच्याकडे न बघता दाराला हात घातला.

"जा म्हणताहेत," ती म्हणाली.